६६ची मस्टँग घेतलीय, सहा सिलेंडरवाली. आता सुरुवात कुठून करू?

खटारा६६ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सहासात वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की मी एक गाडी घेतली. १९६६ची फोर्ड मस्टँग, हार्डटॉप, सहा सिलेंडर, ऑटोमॅटिक. मी मिशिगनमध्ये कँटनजवळ राहतो, गाडी मिळाली टोलिडोच्या बाहेर एका शेतावरच्या बार्नमध्ये. आजोबा गेले, आजींना ते धूड तिथून हलवायचं होतं, अकरा वर्षं गाडी जागेवरच उभी. साडेआठ हजार डॉलरला सौदा झाला. बायकोला आधी सांगितलं होतं का, हा प्रश्न कृपया विचारू नये.

दारावरची पट्टी वाचली. नंबर ६एफ०७टी ने सुरू होतो, म्हणजे ६६ साल, डिअरबॉर्नचा कारखाना, हार्डटॉप आणि टी म्हणजे २०० क्युबिक इंचाचं सहा सिलेंडरचं इंजिन. तारखेच्या जागी १४सी, म्हणजे १४ मार्च. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर जन्मलेली गाडी आहे हो! इतकी वर्षं ऑफिसला जाताना त्या बाजूने जातोय आणि आता गाडीचं माहेर म्हणून बघतो.

परिस्थिती अशी. इंजिन जाम नाही, पुढच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरतंय. टाकीत जे आहे त्याला पेट्रोल म्हणवत नाही, वार्निशचा वास येतो. ब्रेक दाबला की पेडल सरळ फरशीला टेकतं. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं आणि त्याखाली एक भोक आहे ज्यातून जमीन दिसते. हॉर्न वाजत नाही. मीटरवर ४१ हजार मैल.

माझा प्लॅन: आधी कँडीअ‍ॅपल रेड रंग, मग सहा सिलेंडर काढून २८९ची व्ही-एट (२८९ क्युबिक इंचाचं आठ सिलेंडरचं इंजिन) टाकायची. बजेट दहाबारा हजार अजून. वर्षभरात ऑगस्टच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची फेरी) न्यायची. बोला.

बटाटावडा

भारीच! फोटो टाका. फोटोशिवाय धागा म्हणजे चटणीशिवाय मी.

जुनाटराव

अभिनंदन आणि थोडी वाईट बातमी. ४१ हजार विसरा. त्या मीटरला मैलांचे पाचच आकडे असतात, लाख झाले की परत शून्यापासून. १ लाख ४१ असेल नाहीतर २ लाख ४१. पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची स्प्रिंग बघा, त्या खोटं बोलत नाहीत.

आणि १४ मार्च १९६६ला वार कुठला होता बघितलं का? सोमवार. रविवारची उतरली नसलेल्यांनी जोडलेली गाडी आहे तुमची :)

(अर्थात पट्टीवरची तारीख ठरलेली असते, प्रत्यक्षात एखाददोन दिवस इकडेतिकडे. म्हणजे आशा आहे.)

पाना१३

रंग शेवटी. परत वाचा. रंग शेवटी.

माझ्या ६५च्या गाडीवर पहिल्याच वर्षी साडेचार हजार डॉलर घालून रंग मारून घेतला, आरशासारखी गाडी, सगळे म्हणाले वा वा. दुसऱ्या हिवाळ्यानंतर मागच्या चाकाच्या वर फुगे यायला लागले. नखाने उचकटलं तर आत अर्धा इंच पुटी आणि पुटीच्या मागे पत्राच नाही, जाळी लावून त्यावर थापलेलं. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझीच, गंज बघायच्या आधी रंग बघितला. तेव्हापासून खिशात फ्रिजवरचं चुंबक घेऊन फिरतो. चाकांच्या कमानी, पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, दारांच्या खालच्या कडा, जिथे चुंबक चिकटत नाही तिथे गाडी नाही, पुटी आहे.

आणि हो, माझ्या आयडीवर जाऊ नका. या गाडीला १३चा पाना लावू नका. अर्ध्या इंचाच्या नटावर तो बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खातो. ७/१६, १/२, ९/१६ चा सेट घ्या. मी आयडी घेतला तेव्हा बुलेट होती.

ब्रेकवाली

मी इथेच डेट्रॉइटच्या बाजूला ब्रेकमध्येच नोकरी करते, म्हणून हे जरा लांबेल.

६६पर्यंत मस्टँगला मास्टर सिलेंडर एका खणाचा होता. म्हणजे चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच डबीतून. एका चाकाचा सिलेंडर गळाला किंवा मागची एक नळी गंजून फुटली की चारही ब्रेक एकदम गेले, थोडे कमी वगैरे नाही, गेले. ६७च्या मॉडेलपासून दोन खणांचा आला, पुढचे वेगळे मागचे वेगळे, म्हणून एक बाजू गेली तरी दुसरी धरते. तुमचं पेडल आत्ताच फरशीला टेकतंय. तुम्ही रंग कुठला मारायचा विचारताय!!

बरं, तुमची सहा सिलेंडरची असल्यामुळे ड्रम ९ इंचाचे आणि चाकाला चारच नट. व्ही-एटला १० इंचाचे ड्रम, पाच नट, मागचा अ‍ॅक्सल जाड, पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या, स्टीअरिंगचे सांधे वेगळे. म्हणजे व्ही-एट टाकायची तर इंजिन हा सगळ्यात सोपा भाग, बाकी अख्खी गाडी बदलायची. हे न बदलता नुसतं इंजिन टाकणारेही भेटतात. त्यांच्यापुढे गाडी चालवू नका, मागेही नको.

आणि एक, जुने ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मास्क लावा.

रांगडाभावा

काय भावा, व्ही-एट टाकच! सहा सिलेंडर मस्टँग म्हंजे तांबड्या रश्शाशिवाय मटण. १२० हॉर्सपॉवर तर आता आमच्या गावात सरपंचाच्या गाडीला पण हाय.

जुनाटराव

@रांगडाभावा, अहो पण मस्टँग विकली गेली तीच मुळात स्वस्त म्हणून. १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये आणली तेव्हा किंमत २३६८ डॉलर, खालून सगळी फोर्ड फाल्कन, वरून लांब बॉनेट आणि आखूड डिक्की. पहिल्याच दिवशी २२ हजार ऑर्डरी. ६६च्या एका मॉडेल वर्षात सहा लाखांवर गाड्या गेल्या. त्या काय सगळ्या रेस लावणाऱ्यांनी घेतल्या? शाळेतल्या बाई, सेक्रेटरी, नुकतं लग्न झालेले, पोस्टातले लोक. त्यातली बऱ्याच जणांची सहा सिलेंडरच. आता कुठल्याही कार शोला जा, प्रत्येकाची लाल आणि प्रत्येकाची व्ही-एट, जणू फोर्डने दुसरं काही बनवलंच नाही. बॉनेट उघडल्यावर सहा सिलेंडर निघाली की म्हातारे थांबतात आणि म्हणतात, माझ्या बहिणीकडे हीच होती.

ते २०० क्युबिक इंचाचं इंजिन वाईट नाही हो, ६५पासून त्याला सात मेन बेअरिंग आहेत, क्रँक मरता मरत नाही. शिवाय बॉनेटखाली इतकी जागा की आत उभं राहून काम करता येतं.

खटारा६६

बापरे, एका रात्रीत इतके प्रतिसाद. ठीक आहे, रंग पुढे ढकलला. व्ही-एटचं अजून मन होत नाही सोडायला, पण ब्रेकवाली ताईंनी घाबरवलंय. कार्पेट ओलं का होतंय ते सांगा ना, बार्नमध्ये छप्पर होतं, काचही गळत नाही.

पाना१३

काऊल!! काच नाहीच गळत, काचेच्या खाली जी जाळी आहे ना हवा आत घ्यायची, तिच्या खाली पत्र्याची पेटी असते, दोन पत्रे एकावर एक जोडलेली. त्यात दोन्ही बाजूला हवेसाठी गोल भोकं आणि भोकांना उलट्या टोपीसारखी कड. पानं, माती, पाईन वृक्षाच्या सुया सगळं त्या कडेभोवती साठतं, ओलं राहतं आणि कड सडते. मग पावसाचं पाणी बाजूने वाहून जायच्या ऐवजी सरळ तुमच्या बुटात.

टेस्ट सोपी. कार्पेट काढा, कोणीतरी आत डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवं व्हा, दुसऱ्याने बागेचा पाईप जाळीत सोडा. आत जो आहे त्याच्या चेहऱ्यावर पाणी पडलं तर काऊल सडलाय.

खटारा६६

चेहऱ्यावर पडलं.

बटाटावडा

हाहाहा. पाईप कोणाच्या हातात होता?

खटारा६६

बायकोच्या. बंद करायला जरा जास्तच वेळ लावला तिने.

पाना१३

मग आता दोन रस्ते. खरा इलाज म्हणजे पुढची मडगार्ड काढायची, वरच्या काऊलचे सगळे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवायचे, खालचा पत्रा दुरुस्त करायचा, आतून रंग आणि सीलर, आणि परत वेल्ड. कंटाळवाणं काम आहे, मला तीन शनिवार-रविवार लागले आणि चौथ्यात चिकुनगुनिया झाल्यासारखे सांधे. दुसरा रस्ता म्हणजे भोकांवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, स्वस्तात होतं, पण त्याच्याबाजूला गंज चालूच राहतो. मी म्हणेन पहिलं वर्ष टोपी लावा, गाडी झाकून ठेवा, आधी फरशी आणि खालचे रेल बघा.

स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली झोपा (घोडीवर म्हणजे लोखंडी स्टँडवर घेऊन, नुसत्या जॅकवर नाही, हे सांगायला लागू नये पण सांगतो) आणि टोचत जा. फरशीला भोक पडलं तर दुःख नाही, तो पत्रा तयार मिळतो. पण पुढच्या आणि मागच्या फ्रेम रेलला टोचून बघा. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस. रेल गेली असेल तर दार उघडलं की बंद होत नाही, गाडी मधून वाकते.

स्नोबेल्टची सून

माझे सासरे नेहमी म्हणायचे की डेट्रॉइटने गाड्या बनवल्या आणि डेट्रॉइटनेच खाल्ल्या. शहराच्या खाली खरोखरच मिठाची खाण आहे, हजार फुटांपेक्षा खोल, तेच मीठ हिवाळ्यात रस्त्यावर. त्यांची ६८ची गाडी नोव्हेंबरमध्ये गॅरेजमध्ये जायची आणि एप्रिलमध्ये दोन मोठे पाऊस पडून रस्ते धुतल्याशिवाय बाहेर यायची नाही. मला लग्नाआधी वाटायचं देवघर असतं तसं यांच्याकडे गाडीघर आहे.

कुर्ल्याचा कार्टा

धागा वाचून मजा येतेय. माझे आजोबा कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते, वालचंदशेठच्या कंपनीत, फियाटच्या आधी तिथे अमेरिकन गाड्याच जोडायचे. डॉज, प्लिमथ, डिसोटो. आजोबा सांगायचे, तिन्हीचा पत्रा तोच, नुसती नावाची पट्टी आणि जाळी वेगळी, आणि गिऱ्हाईक मात्र माझी डिसोटो तुझ्या डॉजपेक्षा बरी म्हणून भांडायचं. त्यांच्याकडचा इंची पान्यांचा संच अजून माझ्याकडे आहे. उपयोग शून्य, पण विकवत नाही.

हॉर्नचं कोणी काहीच बोललं नाही? मालक, हॉर्न आधी करा.

पुणेकर आळशी

आमच्या मामांकडे ६४ची इंपाला आहे, मागे सहा लाल दिवेवाली, दूतावासातून निघालेली गाडी कोणीतरी घेतली, मग तीनचार हात बदलत मामांकडे. तुम्हाला तिकडे फोन केला की घरपोच पार्ट, इथे एका विंडशील्डच्या रबरासाठी मामा दोन वर्षं थांबले आणि रबराइतकीच कस्टम ड्यूटी भरली. बाकी सगळं चोर बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ओळखीचा लेथवाला. लेथवाल्याला नमुना दिला की बुशिंग बनवून देतो आणि मूळच्यापेक्षा बरं बनवतो.

२०२१पासून आपल्याकडे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळा नंबर मिळतो, एमएच व्हीए असा, नव्या नोंदणीला २० हजार आणि नूतनीकरणाला ५ हजार. रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली प्रदर्शन वगैरेसाठीच. मामा म्हणतात बरंच आहे, नाहीतरी पेट्रोलचा खर्च ऐकून मामी ऑफिसला जाऊ देत नव्हती.

जुनाटराव

मिशिगनलाही तसंच, गाडी २६ वर्षं किंवा त्याहून जुनी असेल तर हिस्टॉरिक प्लेट, क्लबचे कार्यक्रम, शो, परेड. फक्त ऑगस्टमध्ये कुठेही न्या, दूध आणायलासुद्धा. ऑगस्टच का ते वुडवर्डवर उभं राहिलं की कळतं. धागाकर्ते, इन्शुरन्स जुन्या गाड्यांच्या कंपनीकडून घ्या, आधी ठरलेल्या किमतीचा. नेहमीच्या पॉलिसीत ६६ची मस्टँग म्हणजे साठ वर्षांचं भंगार.

खटारा६६ (दोन महिन्यांनी)

अपडेट. मागची डावी फ्रेम रेल बरी आहे, पुढची डावी सडलीय, फरशीचे दोन्ही पुढचे पत्रे गेलेत. कँटनलाच नॅशनल पार्ट्स डेपोचं दुकान आहे, माझ्या घरापासून दहा मिनिटं, तिथे उभा राहून मी साठ वर्षं जुन्या गाडीची फरशी विकत घेतली आणि कॅरी-ऑन बॅगेसारखी घरी आणली, अजून विश्वास बसत नाही. पेट्रोलची टाकी पण नवीनच घेतली, १६ गॅलनची. जुनी काढताना लक्षात आलं की टाकीचा वरचा पत्रा हीच डिक्कीची फरशी आहे! म्हणजे सामान थेट टाकीवर ठेवायचं. मागच्या सीटपाठी फक्त पुठ्ठा होता. तिथे आता लोखंडी पत्रा लावलाय, मुलं मागे बसणार आहेत.

वेल्डिंग स्वतः केलं नाही. कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा कोर्स लावलाय पण अजून माझी रेघ म्हणजे कबुतराने चालत गेल्यासारखी. एका निवृत्त माणसाने त्याच्या गॅरेजमध्ये करून दिलं, मी हातोडा धरायला.

ब्रेक: दोन खणांचा मास्टर सिलेंडर, चारही व्हील सिलेंडर, सगळ्या नळ्या, लायनर, तिन्ही रबरी होज नवे. डिस्क नाही केले, ड्रमच ठेवले. ताई, बरोबर केलं ना?

ब्रेकवाली

एकदम बरोबर. रोज ८० मैलांच्या वेगाने जाणार नसाल तर नीट जुळवलेले ड्रम पुरतात. ओले झाले की पकडत नाहीत आणि लांब उतारावर तापून ढिले पडतात, एवढं ध्यानात ठेवा, मिशिगनमध्ये उतार कुठे आहे म्हणा. मास्टर सिलेंडर ड्रम-ड्रमचाच आणलाय ना ते बॉक्सवर तपासा, डिस्कवाला चुकून लागला तर पेडल नेहमी एक बोट खाली राहतं.

नळ्या कुठल्या? स्टीलच्या असतील तर दुहेरी फ्लेअर करा (नळीचं टोक दुमडून पसरवायचं). स्टेनलेस दिसायला छान, पण कडक असतं, टोकाला सील होताना रडवतं. निकेल-कॉपर हाताने वाकतं आणि गंजत नाही. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं उजवं. आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, ते हवेतलं पाणी पितं.

खटारा६६

निकेल-कॉपरच. हवा काढायला बायको पेडलवर, मी खाली. "दाब... धर... धर म्हणतोय ना... सोड". शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं सगळं ठीक आहे ना. आमच्या पंधरा वर्षांच्या संसाराचा सारांश त्या एका दुपारी झाला.

पण खरी अडचण आता. इंजिन सुरू झालं!! प्लगच्या भोकांतून तेल सोडून दोन दिवस ठेवलं, हाताने फिरवलं, नवीन पेट्रोल, नवीन पॉइंट (ठिणगी पाडणारा छोटा स्विच) ०.०२५ इंचाच्या गॅपवर, सेल्फ मारला, चौथ्या प्रयत्नात धरलं. मला रडूच आलं. आयडलला शिवणयंत्रासारखं चालतं. पण अ‍ॅक्सिलरेटर दिला की खोकतं, पिकअप घेतच नाही, चढावर तर बैल बसतो तसं बसतं. कार्बोरेटर नवीन आहे, आजोबांनी गाडी उभी करण्याआधी टाकलेला, पावती मिळाली ग्लव्ह बॉक्समध्ये. कार्बोरेटर खोलून साफ केला, डायफ्रॅम बदललं. काही फरक नाही. शिवाय गिअरबॉक्सपण गेलाय वाटतं, डी ला टाकलं तर सरळ दुसऱ्यात उचलते.

रांगडाभावा

बघ, गाडीच सांगतीया व्ही-एट टाक म्हणून.

बटाटावडा

चोक अडकला असेल. (मला गाडीतलं तेवढंच माहीत आहे.)

कुर्ल्याचा कार्टा

कॉइलला थेट १२ व्होल्ट दिलेत का कोणी? फोर्डला इग्निशनपासून कॉइलपर्यंत गुलाबी रेझिस्टन्सची वायर असते, ती कोणी बायपास केली की पॉइंट भाजतात, मग मिसिंग.

पाना१३

पॉइंट भाजले तर सगळीकडेच मिसिंग करेल, इथे आयडल छान आहे. एक सांगा, कार्बोरेटरच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरकडे (प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटतो तो) जी व्हॅक्युमची नळी जाते तिच्या तोंडाशी, नटासारखा दिसणारा एक छोटा व्हॉल्व्ह आहे का? फोटो टाका.

आणि गिअरबॉक्सला काही झालेलं नाही. लिव्हरच्या पट्टीवर डी ऐवजी दोन ठिपके आहेत ना? मोठा हिरवा ठिपका म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. छोटा ठिपका मुद्दाम दुसऱ्यातून उचलतो, बर्फात चाकं फिरू नयेत म्हणून. तुम्ही छोट्यावर टाकताय.

खटारा६६

आयला. छोट्यावरच टाकत होतो. गिअरबॉक्सवाल्याला उद्या गाडी न्यायची होती, त्याने अंदाजे अठराशे सांगितले होते. तुमचे पाय कुठे आहेत?

फोटो टाकलाय. तसला व्हॉल्व्ह दिसत नाही.

पाना१३

वाटलंच होतं. ऐका.

तुमच्या डिस्ट्रिब्युटरचं नाव लोड-ओ-मॅटिक. नेहमीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन वजनं असतात, इंजिन पळायला लागलं की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. यात वजनंच नाहीत. टायमिंग पुढेमागे करायचं सगळं काम एकट्या व्हॅक्युमवर. आणि तो व्हॅक्युम कसला, तर कार्बोरेटरच्या गळ्यातला आणि बटरफ्लायजवळचा (हवेची झडप) असा दोन ठिकाणचा मिसळलेला, त्यावर ताबा त्या छोट्या व्हॉल्व्हचा, स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणतात. तो व्हॉल्व्ह फक्त या डिस्ट्रिब्युटरसाठी बनलेल्या कार्बोरेटरवर असतो. ६८पासून फोर्डने वजनवाला डिस्ट्रिब्युटर दिला आणि त्या कार्बोरेटरवरून व्हॉल्व्ह काढला. आजोबांनी आणला तो नंतरच्या गाडीचा. दिसायला जुळा भाऊ, बसतो पण बरोबर. पण डिस्ट्रिब्युटर इशाऱ्याची वाट बघत बसतो आणि इशारा येतच नाही, मग तुम्ही कितीही पेट्रोल द्या, ठिणगी आयडलच्याच वेळेला पडणार.

म्हणजे एकतर व्हॉल्व्हवाला बरोबरचा कार्बोरेटर शोधा, नाहीतर आहे तोच ठेवून ६८ नंतरचा वजनवाला डिस्ट्रिब्युटर टाका. मी दुसरं केलं, पैसे कमी गेले. अर्धं हे अर्धं ते चालत नाही. मला वाटतं सहा सिलेंडरला दम नाही ही जी बदनामी आहे ना, त्यातली निम्मी या एका चुकीच्या जोडीमुळे आहे.

जुनाटराव

दंडवत घ्या. आणि विचार करा, म्हाताऱ्याने कार्बोरेटर बदलला, गाडी अशी खोकायला लागली, वैतागून उभी करून टाकली असेल. अकरा वर्षं बार्नमध्ये एका व्हॉल्व्हपायी.

खटारा६६

जुनाटराव, तुम्ही हे लिहिलंत आणि मी पावती परत बघितली. कार्बोरेटरची तारीख ऑक्टोबरची आहे, आणि आजी म्हणाल्या होत्या की त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगनंतर (म्हणजे नोव्हेंबरअखेर) त्यांनी गाडी काढलीच नाही.

खटारा६६ (पाच आठवड्यांनी)

डिस्ट्रिब्युटर बदलला. गाडी पळते. पळते म्हणजे चक्क पळते, फ्रीवेवर ६५ला आरामात. व्ही-एट रद्द. रांगडाभावा, माफ कर.

आजींना फोन करून सांगितलं, त्यांना व्हॉल्व्हचं वगैरे काही सांगितलं नाही, फक्त चालू झाली म्हणालो. त्यांनी विचारलं रंग तोच आहे का. पुढच्या रविवारी टोलिडोला घेऊन जाणार आहे. आता रंग लाल करायचा की नाही हा प्रश्नच मिटला, विम्बल्डन व्हाइटच राहील. डिक्कीच्या झाकणावर जिथे पिवळी पडलीय तेवढी नंतर बघू.

तेल कुठलं घालू? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

पाना१३

झिंकवालं. या इंजिनात कॅमवर सपाट टॅपेट घासतात, रोलर नाहीत, आणि त्या घासण्याला झिंक-फॉस्फरस लागतं. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांच्या पातळ इंजिन तेलांत फॉस्फरसवर मर्यादा आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून, तुमच्याकडे तो नाहीच. जुन्या गाड्यांसाठीचं तेल मिळतं ते घ्या. पुढेमागे हेड उतरवाल तेव्हा एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घ्या, तेव्हाचं इंजिन शिशाच्या पेट्रोलवर बनलेलं आहे. मुद्दाम हेड उतरवू नका त्यासाठी, हजारदोन हजार मैल वर्षाला चालवाल, काही होत नाही. पेट्रोलचे रबरी होज मात्र सगळे बदला, १० टक्के इथेनॉल जुन्या रबराचा भुगा करतं आणि गळकं पेट्रोल गरम इंजिनावर पडलं की धागा इथेच संपेल.

ग्रीसही मारा. वरच्या कंट्रोल आर्मला ग्रीसगन जातच नाही, शॉकच्या मनोऱ्याचा पत्रा आडवा येतो, त्यामुळे गेल्या तीनचार मालकांपैकी कोणीच मारलेलं नसणार. काटकोनातला निपल बसवा. चालवताना चिमण्यांसारखा आवाज येतो ना पुढून? तेच ते.

खटारा६६

मला वाटलं चिमण्याच आहेत. बार्नमधली होती ना.

स्नोबेल्टची सून

नोव्हेंबर येतोय. उभी करायच्या आधी तेल बदला, टाकी पूर्ण भरा आणि त्यात स्टॅबिलायझर घालून दहा मैल फिरवा म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पोचतं, बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवा, एक्झॉस्टच्या तोंडात स्टीलचा काथ्या कोंबा. नाहीतर उंदीर. आमच्याकडे एका हिवाळ्यात उंदरांनी सीटचा फोम काढून एअर क्लीनरमध्ये बाळंतपण केलं होतं. आणि एप्रिलमध्ये काथ्या काढायला विसरू नका, सासरे विसरले होते.

ब्रेकवाली

मंडळाच्या गणपतीत पार्किंगमध्ये एक पांढरी मस्टँग दिसली, पुढे हार घातलेला आणि दोन मुलं मागून डोकं काढून मोदक खात होती, तुम्हीच का?

खटारा६६

हो!! हाक मारायची ना ताई. हार आईने व्हिडिओ कॉलवर सांगून घालायला लावला, लिंबूमिरची पण सांगितली होती, ती बंपरला बांधली तर क्रोम खराब होईल म्हणून आरशाला बांधली. परतीच्या वाटेवर पाऊस आला. टोप्या लावल्यात तरी डावा बूट ओला झालाच. मार्चमध्ये काऊल काढायला घेतोय, पाना१३, तयारीत राहा.

कुर्ल्याचा कार्टा

हॉर्न?

खटारा६६

नाही वाजत अजून :( वायरिंग तपासलं, बॉनेट उघडून बॅटरीची वायर थेट लावली की दोन्ही हॉर्न बोंबलतात. स्टीअरिंगवरून मात्र ठिम्म.

कुर्ल्याचा कार्टा

मग स्टीअरिंग उतरवा. चाकाच्या पाठीमागे पितळेची गोल कडी आहे, तिच्यावर इंडिकेटरच्या स्विचमधले दोन छोटे ब्रश घासतात. ते झिजले असतील नाहीतर साठ वर्षांचं ग्रीस वाळून बसलंय. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश, वीस मिनिटांचं काम. पहिल्या दिवशीच म्हणालो होतो.

खटारा६६

वाजला. शेजारचा म्हातारा परत बाहेर आला.